उघडीप पाहून निघावं: न्यूझीलंडच्या हिमनद्यांचा मुलूख

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिमेला टास्मान समुद्र आहे. किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटर आत गेलं की सदर्न आल्प्सची रांग थेट तीन हजार मीटरच्या वर उठते, आणि त्या रांगेतून फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन हिमनद्या पार नेच्यांच्या जंगलापर्यंत खाली येतात. सकाळी बर्फावर, दुपारी जंगलात आणि संध्याकाळी समुद्रकाठी असा दिवस घालवता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. तरीही इथून हिरमुसून परत जाणारे पुष्कळ भेटतात. कारण बहुतेकदा एकच असतं: मुक्काम एका रात्रीचा. दहा दिवसांत अख्खा देश बघायचा म्हणून हिमनद्यांच्या वाट्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ येते. सकाळी हेलिकॉप्टर, दुपारी क्वीन्सटाउनची वाट. त्या सकाळी पाऊस लागला की हाती काहीच राहत नाही.

इथे तीन रात्री काढाव्यात, निदान दोन तरी, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. कारण इथे पाऊस लागणारच.

फ्रान्झ जोसेफ गावात वर्षाला पाच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास जाणारा आहे, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, तिथे तो बारा महिन्यांवर वाटलेला असतो. घडतं मात्र तेच, जे सह्याद्रीच्या माथ्यावर घडतं. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला पश्चिमेचा वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि रिता होतो. फरक उंचीचा. महाराष्ट्रातला सह्याद्री साडेसोळाशे मीटरच्या आत थांबतो, तिथे डोंगर तीन हजारांच्या पुढे जातो, त्यामुळे गावात जो पाऊस असतो तोच माथ्यावर हिम होऊन पडतो. पावसाने वैतागलेल्या माणसाने एवढं लक्षात घ्यावं की तो ज्या बर्फासाठी इतक्या लांब आला आहे, तो या ढगांनीच आणून टाकलेला आहे.

माथ्यावर हे हिम साठायला ऐसपैस उथळ पठारं आहेत आणि बाहेर पडायला अरुंद, तीव्र उताराची दरी. नरसाळ्यात ओतावं तसं ते सगळं खाली ढकललं जातं. म्हणून या हिमनद्या फार वेगाने वाहतात. १९४३ साली फ्रान्झ जोसेफच्या वरच्या अंगाला एक विमान कोसळलं होतं. त्याचे अवशेष साडेतीन किलोमीटर खाली, मुखापाशी यायला जेमतेम साडेसहा वर्षं लागली. म्हणजे दिवसाला सरासरी दीड मीटर. फॉक्स तेरा किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्या अंतरात सुमारे २६०० मीटर उतरते.

वेगाने वाहणारी हिमनदी हवामानाला उत्तरही वेगाने देते. वर काही वर्षं भरपूर हिम पडलं की ती पुढे सरकते, उन्हाळे तापले की मागे हटते. १९८३ ते १९९९ आणि पुन्हा २००४ ते २००८ या काळात फ्रान्झ जोसेफ पुढे आली होती. २००८ नंतर मात्र माघार सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिचं टोक सुमारे दीड किलोमीटर मागे गेलं. ही माघार बघायची असेल तर गावातल्या सेंट जेम्स चर्चमध्ये जावं. १९३१ साली बांधलेल्या या छोट्या लाकडी चर्चच्या वेदीमागे मोठी काचेची खिडकी आहे. त्या काळी तिच्यातून हिमनदी दिसत असे. १९४६ साली न्यूझीलंडने काढलेल्या एका टपाल तिकिटावर तेच दृश्य होतं. आज त्या खिडकीतून झाडं आणि डोंगर दिसतात, बर्फाचं मुख नजरेच्या पार पलीकडे गेलं आहे.

हे आधीच सांगण्याचं कारण असं की जुने फोटो आणि जुनी प्रवासवर्णनं वाचून आलेल्यांची इथे फसगत होते. एकेकाळी गाडी उभी करून, नदीच्या पात्रातून चालत जाऊन, गाइडसोबत सरळ बर्फावर चढता यायचं. फ्रान्झ जोसेफवर तो प्रकार २०१२ मध्ये बंद झाला, फॉक्सवर २०१४ मध्ये. टोक मागे सरकताना मागे जे उरतं ते धोकादायक असतं: आधार गेलेल्या दरीच्या भिंती, दगडगोट्यांखाली दडलेला आणि आतून पोकळ होत जाणारा बर्फ, आणि बर्फाने अडवलेलं पाणी एकदम फुटून येणारे लोंढे. २०१९ च्या मार्चमधल्या अतिवृष्टीत फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल वाहून गेला. फॉक्सच्या दरीतला रस्ता त्याच वर्षी दरड आणि गाळाखाली गेला आणि तो पुन्हा सुरू झालेला नाही. पूल तीन आठवड्यांच्या आत परत उभा राहिला, कारण देशाचा सहा क्रमांकाचा महामार्ग त्यावरून जातो.

म्हणून आजचं चित्र असं आहे. जमिनीवरून दोन्ही हिमनद्या दुरूनच दिसतात. फ्रान्झ जोसेफच्या वाहनतळावरून निघणारी का रोइमाटा ओ हिने हुकाटेरे ही पायवाट जंगलातून एका निरीक्षणस्थळापर्यंत जाते. जाऊन-येऊन तासभराच्या आतलं काम. तिथूनच सेंटिनेल रॉकवर वीस मिनिटांत जाऊन येता येतं. या खडकाचं महत्त्व दृश्यापेक्षा जास्त आहे. युरोपीय लोक इथे आले तेव्हा बर्फ याच्या अगदी जवळ होता. ज्युलियस फॉन हास्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं नाव हिमनदीला दिलं. माओरी लोकांची कथा त्याहून कितीतरी जुनी: डोंगर चढण्याची हौस असलेल्या हिने हुकाटेरेने आपल्या प्रियकराला सोबत नेलं, तो हिमलोटात गेला आणि तिचे अश्रू गोठून ही नदी झाली. त्या खडकावर उभं राहून समोरच्या रिकाम्या, करड्या दरीकडे पाहिलं की बर्फ किती गेला हे कोणत्याही आलेखापेक्षा नीट कळतं. फॉक्सकडे दक्षिण काठाची वाट आहे. जुन्या रस्त्याने आणि दाट जंगलातून ती सौम्य चढते, दोन-अडीच तास पुरतात, सायकलही नेता येते.

या वाटांवर जिथे दोरी किंवा फलक असेल तिथे थांबायचं. जानेवारी २००९ मध्ये फॉक्सच्या मुखाशी कठडा ओलांडून फोटो काढायला गेलेले दोन तरुण भाऊ बर्फ कोसळून गेले. बर्फ पडण्याआधी आवाज देईलच असं नाही, आणि खालून पाहताना तो किती उंच आहे याचा अंदाज येत नाही, कारण शेजारी मापाला घेण्याजोगं काही नसतं.

बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरशिवाय मार्ग नाही. दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होते. एक नुसती सफर: वीस-तीस मिनिटं, वर हिमक्षेत्रात दहा मिनिटं उतरवतात, फोटो काढून परत. दुसरी हेली-हाइक: तयारी धरून तीन-चार तास, त्यातले सुमारे दोन-अडीच तास गाइडसोबत हिमनदीवर चालणं. गुडघे धड असतील आणि दोन-तीन तास चढउतार जमत असेल तर दुसरीच घ्यावी. वर हिमक्षेत्रात पांढरं पठार दिसतं, ते देखणं आहेच. पण खालच्या टप्प्यात निळा बर्फ, भेगा, कमानी आणि बोगदे असतात, आणि हिमनदी वाहते म्हणजे काय ते तिथे समजतं. निळा रंग येतो तो असा: वर्षानुवर्षांच्या दाबाने हिमातली हवा पिळून निघते, बर्फ घट्ट होतो, आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशातला तांबडा भाग शोषला जाऊन निळा उरतो. आज ज्या बोगद्यातून गेलात तो पुढच्या आठवड्यात नसेलही. गाइड रोज सकाळी कुऱ्हाडीने नव्या पायऱ्या खोदतात, कारण कालच्या वितळलेल्या असतात.

क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायची खिळ्यांची पट्टी, पहिल्यांदा घालणाऱ्यांची चूक ठरलेली असते. साध्या वाटेवर आपण टाच टेकून मग पंजा टेकवतो. बर्फावर तसं केलं की मागचे दोन-चार खिळेच रुततात आणि पाय सटकतो. इथे पूर्ण तळवा एकदम, थोडा जोर देऊन, वरून खाली रोवायचा. उतारावर माणूस घाबरून मागे झुकतो आणि तिथेच घसरतो. गुडघे वाकवून वजन पायांवर ठेवायचं, पुढे. दोन पावलांत नेहमीपेक्षा वीतभर जास्त अंतर हवं, नाहीतर एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या पँटीत अडकतात. बर्फावर धडपडण्याचे बरेचसे प्रकार याच एका कारणाने होतात, म्हणून पायघोळ पँट नको, आणि असेल तर मोज्यात खोचावी. नाडीचं टोक लोंबत ठेवू नये. वळताना पाय जागच्या जागी फिरवू नये, उचलून ठेवावा. दहा मिनिटांत हे अंगवळणी पडतं आणि मग चालण्याकडे लक्ष न राहता बर्फाकडे राहतं.

बूट, क्रॅम्पॉन, जलरोधक जाकीट हे सगळं कंपनी देते. आपण न्यायचे ते जाड लोकरी किंवा सिंथेटिक मोजे, गॉगल, सनस्क्रीन आणि पातळ हातमोजे. बर्फावर ऊन दोन्हीकडून लागतं आणि न्यूझीलंडचं ऊन तसंही जहाल आहे. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला सनस्क्रीन लावायला लोक विसरतात. जीन्स अजिबात नको. भिजलेला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो आणि वाळत नाही. उड्डाणाआधी सगळ्यांचं वजन करतात, कारण त्यावरून कोण कुठे बसणार हे ठरतं. नोंदणी करतानाही खरंच वजन सांगावं, ठरावीक मर्यादेपुढे जादा शुल्क असतं आणि ते ऐनवेळी कळलं की जागेची पंचाईत होते. लहान मुलांसाठी हेली-हाइकला वयाची अट असते, ती आधी विचारून घ्यावी.

नोंदणी कधीची करावी? पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी. दुपारपर्यंत समुद्राकडचा वारा सुटतो आणि डोंगराच्या अंगाला ढग चढतात. सकाळची फेरी रद्द झाली तर त्याच दिवशी पुढची किंवा तिसऱ्या दिवसाची मिळण्याची आशा राहते. रद्द झाल्यास पैसे परत की फक्त तारीख बदल, हे आधी वाचून घ्यावं. आणि वैमानिक नाही म्हणाला की विषय संपला. नोव्हेंबर २०१५ मध्ये फॉक्स हिमनदीवर हेलिकॉप्टर कोसळून आतले सातही जण गेले. गावात निरभ्र ऊन असताना वर ढग बसलेला असू शकतो; पांढऱ्या बर्फावर पांढरा ढग टेकला की वर-खाली काही उमगत नाही. खाली उभं राहून "आभाळ तर स्वच्छ आहे की" असा वाद घालण्यात अर्थ नसतो.

हवामानाचा अंदाज वाचताना पावसाच्या टक्क्यांकडे पाहू नका, वाऱ्याची दिशा पाहा. वायव्येचा वारा म्हणजे पाऊस, बहुधा जोरदार. त्यामागून दक्षिणेचा वारा आला की डोंगर आडोसा देतात आणि लख्ख उघडीप मिळते. पूर्वेला क्राइस्टचर्चमध्ये गारठा आणि रिपरिप असेल तर पश्चिम किनारा पुष्कळदा कोरडा असतो. दुसरी गोष्ट ऋतूची. उन्हाळा म्हणून डिसेंबर-जानेवारी निवडले जातात, पण स्थिर, स्वच्छ दिवस हिवाळ्यात जास्त मिळतात, जून ते ऑगस्टमध्ये. दिवस लहान असतो, सूर्य आठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमाराला जातो, पण हवा स्वच्छ असते आणि गर्दी नसते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे शरद संपत आलेला असतो. तोही काळ बरा. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो, पाऊस जास्त, पण पक्ष्यांसाठी त्याहून चांगला काळ नाही. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पावसाच्या दिवशी काय करायचं, तर जंगलात जायचं. इथलं जंगल पावसातच बघावं. रिमू आणि काहिकाटेआचे उंच बुंधे, त्यांवर शेवाळाचे थर, वर चढलेले नेचे, मध्येच पुरुषभर उंचीच्या वर गेलेले वृक्षनेचे. ऊन असताना हे सगळं फिकं दिसतं. झाडांच्या छताखाली पावसाचा मारही निम्मा होतो. अंधार पडल्यावर फॉक्स गावातली मिनेहाहा वाट किंवा फ्रान्झ जोसेफमधली टेरेस वाट चालावी. वीस ते तीस मिनिटांच्या, फुकट, आणि दोन्हीकडे ग्लोवर्म दिसतात. हे आपले काजवे नव्हेत. डासासारख्या दिसणाऱ्या एका कीटकाच्या अळ्या ओल्या कपारीत चिकट धागे सोडून बसतात आणि शेपटाकडच्या निळसर उजेडाने भक्ष्य ओढतात. त्यांच्यावर बॅटरी मारली की त्या उजेड मिटवतात आणि पुन्हा उजळायला बराच वेळ घेतात. म्हणून बॅटरी फक्त पायाशी, शक्यतो तांबड्या उजेडाची, आणि पोचल्यावर ती विझवून डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-सात मिनिटं थांबायचं. घाईत असलेल्यांना चार ठिपके दिसतात, थांबलेल्यांना अख्खी भिंत दिसते.

टाटारे बोगदा थोडा धीट माणसांसाठी. सोन्याच्या खाणींना पाणी नेण्यासाठी तो खडकात खोदलेला आहे. आत घोट्याच्या वर बर्फगार पाणी, छत बेताचं, आणि उजेड शून्य. दोन बॅटऱ्या न्याव्यात, बूट भिजणार हे धरून चालावं, आणि बाहेर जोराचा पाऊस असेल तर जाऊ नये. गावापासून जाऊन-येऊन दीड तास पुरतो.

पाऊस थांबून रात्री वारा पडला तर पहाटे मॅथेसन सरोवर गाठायचं. फॉक्स गावापासून गाडीने दहा मिनिटं, आणि सरोवराभोवतीची फेरी दीड तासाची. हिमनदी मागे हटताना राहिलेल्या बर्फाच्या मोठ्या तुकड्याने तयार झालेल्या खोलगटात हे सरोवर आहे. जंगलातून झिरपणाऱ्या कुजक्या पानांच्या अर्काने पाणी गडद तपकिरी झालं आहे, म्हणून प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं. आओराकी किंवा माउंट कुक, ३७२४ मीटर, आणि माउंट टास्मान, ३४९७ मीटर, दोन्ही पाण्यात उलटे दिसतात. एक गोष्ट मात्र माहीत असू द्यावी. शिखरं पूर्वेला आहेत. पहाटे पाणी निश्चल असतं पण सूर्य शिखरांच्या मागून येतो, त्यामुळे समोरची बाजू सावलीत असते. संध्याकाळी शिखरं तांबूस होतात पण बहुधा वारा असतो. निश्चल संध्याकाळ सापडली तर जेवण पुढे ढकलून तिथेच थांबावं.

आता ओकारिटो. माझ्या मते या मुलखातली सगळ्यात सुंदर जागा, आणि बहुतेक प्रवासी महामार्गावरून तिचा फाटा सोडून पुढे जातात. १८६५ च्या सोन्याच्या गर्दीत हे गजबजलेलं बंदर होतं, आज मूठभर घरं आहेत. दुकान नाही, पेट्रोल नाही. शेजारी तीन हजार हेक्टरांहून मोठी खाजण आहे. न्यूझीलंडमध्ये माणसाचा हात न लागलेली एवढी मोठी पाणथळ दुसरी नाही. इथे भाड्याने कयाक मिळतात. वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवायची: भरती चढत असताना आत शिरायचं, पाण्याबरोबर जंगलातल्या अरुंद ओढ्यांत जायचं आणि ओहोटी लागली की तिच्यासोबत परतायचं. उलट केलं तर परतताना चिखलात कयाक बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच राहावं लागतं. खाडीच्या मुखाकडे ओहोटीत मुळीच जाऊ नये, ओढ थेट समुद्राकडे असते. सकाळी वारा नसतो तेव्हाच जावं. पाण्यात उतरायचं नसेल तर गावामागच्या टेकडीवर ट्रिगची, म्हणजे भूमापनाच्या खुणेपर्यंत जाणारी वाट आहे, दीड तासाची. वरून एका नजरेत समुद्र, खाजण, जंगल आणि हिमशिखरं दिसतात.

या खाजणीत कोटुकू दिसतो. आपल्या भातखाचरांत आणि खाड्यांवर उभा असतो तोच हा मोठा बगळा. भारतात त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. न्यूझीलंडमध्ये तो इतका दुर्मीळ आहे की दोन डॉलरच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे. साऱ्या देशात त्याची वीण फक्त एका जागी होते, फाटारोआ गावाजवळच्या वायटांगिरोटो राखीव जंगलात. वसंतात माद्या-नर जमतात, पाठीवर झालरीसारखी पिसं फुटतात, चोच काळी पडते. तिथे आपल्या आपण जाता येत नाही. परवानाधारक सफर फाटारोआहून नावेने नेते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. दिवाळीत आलेल्यांनी ही चुकवू नये. ओकारिटोच्या जंगलात रोवी नावाचा किवी राहतो, किवींमधला सगळ्यात दुर्मीळ, काही शेकड्यांतच उरलेला. रात्री वाटाड्यासोबत जाऊन तो बघता येतो. नाही दिसला तरी साद ऐकू येण्याची शक्यता असते.

दमदार चालणाऱ्यांसाठी फ्रान्झ जोसेफमध्ये दोन मोठ्या वाटा आहेत. रॉबर्ट्स पॉइंटची वाट जाऊन-येऊन पाच तासांहून जास्त. झुलते पूल आहेत, कड्याला लावलेल्या लाकडी पायऱ्या आहेत, आणि हिमनदीने घासून गुळगुळीत केलेले खडक आहेत. हे खडक ओले असताना उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तच. घसरून मनगट मोडणारे बहुतेक परतीच्या वाटेवर मोडतात. अ‍ॅलेक्स नॉब त्याहून लांब, १३०३ मीटरचं शिखर, आठ तास. इथे चढ सलग आहे पण वाट नीट आहे. उजाडताच निघावं, कारण दुपारी माथा ढगात जातो आणि आठ तास चालून पांढऱ्या भिंतीसमोर डबा खावा लागतो. दोन्ही वाटा दरड पडली की बंद करतात, म्हणून आदल्या दिवशी संवर्धन खात्याच्या केंद्रात चौकशी करावी. एक रात्र जंगलात काढायची तयारी असेल तर फॉक्सच्या दक्षिणेला सव्वीस किलोमीटरवरून कोपलंड वाट निघते. अठरा किलोमीटर, सात तास, शेवटी वेलकम फ्लॅटची झोपडी आणि शेजारी उघड्यावरची गरम पाण्याची कुंडं. झोपडीचं आरक्षण आधी लागतं. वाटेत ओढे फार आहेत, आणि जोराच्या पावसात ते तासाभरात ओलांडण्याजोगे राहत नाहीत. पूर आलेला ओढा उतरेपर्यंत बसून राहणं हाच उपाय. गरम कुंडात डोकं बुडवू नये, नाकातून शिरणाऱ्या अमिबाचा धोका असतो.

सँडफ्लायचा उल्लेख केल्याशिवाय हा मुलूख पुरा होत नाही. चिलटाएवढी काळी माशी, चावा डासापेक्षा वाईट आणि खाज आठवडाभर. ती वारा असताना आणि आपण चालत असताना फारशी त्रास देत नाही; थांबलं की येते. गडद रंगाच्या कपड्यांकडे जास्त येते. घोटे आणि मनगटं झाकावीत, डीट, म्हणजे कीटकांना दूर ठेवणारं रसायन, असलेलं मलम लावावं, आणि गाडीचं दार उघडं ठेवून सामान काढत बसू नये. किया हा डोंगरी पोपट गाडीच्या खिडक्यांची रबरं उचकटतो. कितीही लाघवी वाटला तरी खायला घालू नये, माणसाच्या खाण्याने तो आजारी पडतो.

विमानतळावर उतरतानाची एक गोष्ट. गिर्यारोहणाचे बूट चिखल काढून, धुऊन, वाळवून न्यावेत आणि फॉर्मवर जाहीर करावेत. लाडू, लोणचं, मसाले, तूप, जे काही खाण्याचं असेल ते सगळं जाहीर करावं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. न जाहीर केलेलं एक सफरचंदही ४०० डॉलरच्या दंडाला पुरतं. फॉक्समध्ये किराणा बेताचा मिळतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी उत्तरेच्या होकिटिका गावातून भाज्या आणि डाळी भरून घ्याव्यात आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून. मजकूर इंग्रजीत असलेलं आपलं लायसन्स चालतं. होकिटिका ते फ्रान्झ जोसेफ १३५ किलोमीटर, तिथून फॉक्स फक्त २५, पण वळणांमुळे अर्धा तास धरावा. एकपदरी पूल पुष्कळ आहेत: तांबड्या वर्तुळाच्या फलकावर आपल्या बाजूचा बाण लहान आणि तांबडा असेल तर आपण थांबायचं. फॉक्स ते दक्षिणेचं हास्ट गाव या १२० किलोमीटरमध्ये पेट्रोल मिळत नाही आणि मोबाइलला काही ठिकाणी रेंज नसते, म्हणून टाकी फॉक्समध्येच भरावी आणि नकाशा आधी उतरवून घ्यावा. दक्षिणेला जाताना हास्टच्या तीस किलोमीटर आधी मोएराकी सरोवरापाशी मन्रो बीचचा फाटा लागतो. जंगलातून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालत समुद्रावर पोचता येतं. जुलै ते डिसेंबरमध्ये टावाकी हे तुरेवाले पेंग्विन तिथे घरटी करतात. ते पाण्यातून वर येताना माणूस वाटेत उभा दिसला तर परत समुद्रात फिरतात आणि पिल्लं उपाशी राहतात, म्हणून वाळूवर फिरायचं नाही. वाट जिथे किनाऱ्याला मिळते तिथेच कडेला बसायचं, कुत्रा असेल तर गाडीत ठेवायचा, आणि हास्टला अंधाराआधी पोचायचं असेल तर दुपारी तीनच्या आत फाट्याला लागायचं.